कासवांची मुराळीण

सुमन,

तुझा तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि माझी पंचाईत अशी झाली आहे की मला सुतकी चेहरा करून बसणं काही जमत नाही. भेटायला येणारी माणसं सतरंजीच्या कडेला टेकतात, हळू आवाजात 'बाई मोठ्या मनाच्या होत्या' म्हणतात. मी मान हलवतो. मनात मात्र म्हणतो, मोठं मन राहू द्या, हट्टी होती! सरकारी रस्त्याला आडवी गेलेली बाई होती ती! मग मला हसू फुटतं आणि ते दाबायला मी खोकल्याचं नाटक करतो. परवा आपल्या वर्षाने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" बरा आहे. रडतोही. सकाळी सवयीने तुझ्या वाटणीचं पाणी आधणात पडतं, तेव्हा रडतो. पण तुझी आठवण शांतपणे येऊन बसत नाही, त्याला मी काय करू? ती पदर खोचून, चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखलाने माखून धावत येते.

वर्षा म्हणाली, ते कासवांचं एकदा नीट लिहून काढा. ती तेव्हा लातूरला होस्टेलवर होती, तिला ते तुकड्यातुकड्यांनीच माहीत. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं पाठ आहे, तरी ऐक. मधे मधे 'असं नाही हो' म्हणायची तुला सवय आहे, ती आता मला चालवून घ्यायला मिळणार नाही याचंच वाईट वाटतं.

मी तेव्हा जिंतूरला बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होतो आणि तू तिथल्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायचीस. परभणीकडून येणारा रस्ता महामार्गाच्या मापाचा करायचं काम निघालं होतं. कान्हेवाडीच्या तळ्याला जुना रस्ता वळसा घालून जायचा. नव्या आखणीत तो वळसा काढून रस्ता सरळ तळ्याच्या शेपटावरून न्यायचा होता. मला त्या सरळ रेषेचा केवढा अभिमान! नकाशा मी घरी आणून तुला दाखवला होता. तू तो उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालीस, "म्हणजे तळं एकीकडे आणि टेकाड दुसरीकडे." मी म्हणालो, "त्याने काय बिघडतं?" तू म्हणालीस, "अजून माहीत नाही." तुझं हे 'अजून माहीत नाही' मला भारी धोक्याचं वाटायचं.

तळ्याचं शेपूट उन्हाळ्यात कोरडं पडतं. काळी माती रस्त्याखाली चालत नाही, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. ती खणून काढायची आणि तिथे मुरूम भरायचा, हे आमचं साधं काम. वैशाखात खणायला लागलो आणि दुसऱ्याच दिवशी एका मजुराचं फावडं कशाला तरी अडलं. दगड म्हणावा तर मऊ. गोवरीएवढा, गोल, मातीने लिंपलेला एक गोळा. मी तो घमेल्यात घातला, वर ओलं पोतं टाकलं आणि मोटरसायकलला मागे बांधून घरी आणला.

तू जेवत होतीस. तशीच उठलीस, उष्ट्या हाताने पोतं बाजूला केलंस आणि तुझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो शेजारच्यांनीही ऐकला.

"अहो, हे झोपलंय!"

"झोपलंय की मेलंय?"

"शू! हळू बोला ना."

आणि मी, साईटवर चाळीस माणसांवर ओरडणारा मी, माझ्याच घरात कुजबुजत उभा राहिलो. तू त्याच्या अंगावर थेंब थेंब पाणी सोडलंस. बराच वेळ काही नाही. मग मातीला भेग पडली आणि आतून डुकराच्या पिल्लासारखं एक लांबुडकं नाक बाहेर आलं. तू मला गदागदा हलवलंस. "बघा, बघा, बघा!" म्हणत होतीस आणि मी बघतच होतो. तळं आटलं की ही कासवं चिखलात उतरतात आणि पाणी येईपर्यंत तशीच निजून राहतात, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. ती कमी होत चालली आहेत, त्यांना मारणं कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितलंस. आणि मग एकदम माझ्याकडे वळून पाहिलंस. मला कळलं, तुझ्या डोक्यात माझा नकाशा फिरतोय.

"तिथे अजून असतील," तू म्हणालीस.

"असतील."

"आणि तुम्ही काय करणार आहात?"

दुसऱ्या दिवशी बुलडोझर येणार होता. मी तुला ते सांगितलं. पावसाच्या आधी मुरूम दाबून झाला नाही तर अख्खा भराव वाहून जाईल, काम थांबवणं माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. ते सगळं खरं होतं, आणि तूही ते खोटं म्हणाली नाहीस. फक्त सकाळी उठून माझ्याआधी कान्हेवाडीच्या पहिल्या एसटीत जाऊन बसलीस.

मी साईटवर पोचलो तर तू खड्ड्यात! शाळेला सुट्टी होती, तुला कोण अडवणार? गावातल्या बायका सोबत, प्रत्येकीच्या हातात खुरपं. फावड्याने कासव चिरलं जाईल, पण खुरप्याचा हात निंदणीचा असतो, कुठे जोर द्यायचा आणि कुठे नाही हे त्यांना कळतं, असं तुझं म्हणणं. ठेकेदाराचा मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. "सायेब, बाई तुमच्याच हायेत, तुमीच सांगा," तो म्हणाला. मी सांगितलं. तू मान वर न करता म्हणालीस, "बुलडोझर आला की उठते."

आणि बुलडोझर आला नाही! ते नामांतराचे दिवस होते. परभणीत बंद होता, मोर्चा होता, रस्त्यावर काही हलत नव्हतं. बुलडोझर तिकडेच अडकला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असं तू शिक्षकांच्या खोलीत उघड म्हणायचीस, त्यावरून तिथल्या काही जणींनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दिवशी मी तुला चिडवलं, "बघ, मोर्चा तुझ्याच कामी आला." तू एकदम गंभीर झालीस. "माझ्या कामी नाही. त्यांचं काम मोठं आहे. मला फक्त त्यांच्या सावलीत उभं राहायला मिळालं," म्हणालीस. मग परत खुरपं चालवायला लागलीस. मी पँट वर दुमडली आणि खड्ड्यात उतरलो. ओव्हरसीयर खड्ड्यात उतरल्यावर मजूर काय काठावर उभे राहणार?

काय दिवस होता तो! कुठून तरी "हाय, हाय, हितं हाय!" अशी आरोळी उठायची आणि सगळे तिकडे पळायचे. निघालेलं कासव पाटीत ओल्या गवतावर ठेवायचं. दुपारनंतर पाट्या कमी पडल्या, मग कुणी परात आणली, कुणी पाळणा आणला. उन्हाने तुझं तोंड लाल झालेलं, केसांत ढेकळं, आणि तू हसत होतीस. मला आपलं लग्न आठवलं. लग्नात तू एवढी खुश नव्हतीस हे मी तुला तेव्हाही म्हणालो होतो.

आता ठेवायची कुठे? तळं तर कोरडं ठाक. विहिरीची कल्पना माझी, आणि तू आयुष्यभर तिला नावं ठेवलीस तरी मी आजही म्हणतो, कल्पना चांगली होती. विहिरीत कासव असलं की पाणी निर्मळ राहतं असं आपल्याकडे सगळेच मानतात. गावात विहिरी पुष्कळ. पाऊस पडून तळं भरेपर्यंत प्रत्येकाने एकेक, दोन दोन सांभाळावीत, मग परत सोडावीत. तू टाळी वाजवलीस! वाजवली होतीस, विसरू नकोस. संध्याकाळपर्यंत एक कासव शिल्लक राहिलं नाही. उलट न मिळालेले रुसले. दोन दिवसांनी बुलडोझर आला आणि रिकाम्या मातीवरून बिनबोभाट फिरला.

घोळ झाला तो श्रावणात. तळं भरलं. तू वही-छत्री घेऊन, मागे बसता यावं म्हणून माझी मोटरसायकल स्वतः पुसून, कासवं परत आणायला निघालीस. आणि कोणी देईना! त्यांनी कासवांना कुंकू लावलं होतं. भाकरीचे तुकडे टाकून, नावाने हाक मारली की वर यायला शिकवलं होतं. कोणाकडे ते आल्यापासून म्हैस गाभण राहिली होती, कोणाकडे पोराला नोकरी लागली होती. पाटलीणबाई, पाटलांच्या आई, ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, चालत आलेली लक्षुमी हाय. तिला कुनी वाटंला लावतं व्हय?"

तू त्यांना समजावलंस. फळ्यावर शिकवतेस तसं, अंगणात काडीने चित्र काढून. विहिरीला चारी बाजूंनी चिरेबंदी भिंत, मादीने अंडी घालायची कुठे? तिला भुसभुशीत माती लागते, काठ लागतो. ही कासवं तुमच्या विहिरीत वर्षानुवर्षं जगतील, म्हातारी होतील, पण मागे एक पिल्लू राहणार नाही. तळ्यातली सगळी तर विहिरींत आली, मग तळ्यात उरलं कोण? लोकांनी मन लावून ऐकलं, तुला चहा पाजला आणि कासव दिलं नाही.

मग आपण वस्तीवर गेलो. तिथल्या विहिरीची राखण गयाबाई करायची, तरणीताठी, कमरेवर हात ठेवून बोलणारी. मोर्चात परभणीला जाऊन पोलिसांच्या काठ्या खाऊन आलेली. ती म्हणाली, "आमच्याच हिरीतलं पयलं कामून न्यायलाव? पाटलाच्या हिरीतलं काडा आधी, मंग आमच्याकडं या. द्यायची येळ आली की दर बारीला सुरुवात आमच्यापसूनच."

परतताना जिंतूर आलं तेव्हा मागच्या सीटवरून म्हणालीस, "बरोबर बोलली ती." त्या रात्री तू जेवली नाहीस. "आपण त्यांना वाचवलं नाही हो, आपण त्यांना हळूहळू संपवलं," म्हणालीस. सुमन, तुला अशी खचलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ आला! पंचमी तोंडावर आली होती. पंचमीला सोनपेठहून दिनू तुला न्यायला यायचाच. सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत. दिनूने दारात पिशवी ठेवली, "ताई, आवर, चारची गाडी आहे," म्हणाला. तू त्याच्याकडे पाहत राहिलीस. पाहतच राहिलीस. मग अशी ओरडलीस की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"मुराळी! अहो, मुराळीच पाठवला नाही आपण!"

मला काही कळेना. तू कपाट उघडून खण काढत होतीस, खोबऱ्याच्या वाट्या शोधत होतीस, दिनूला म्हणत होतीस, "मी येत नाही यंदा, तूच माझ्यासोबत चल, कासवं घालायला मोठा हारा उचलायचा आहे." दिनू मला हळूच म्हणाला, "भावजी, ताईला ताप आहे का?"

पाटलांच्या ओट्यासमोर तू उभी राहिलीस ते मी आजही डोळे मिटून पाहतो. डोक्यावर पदर, हातात खण-नारळ, आणि मागे तोंड पाडून हारा घेतलेला दिनू. तू म्हणालीस, "पाटलीणबाई, तळ्याकडून मूळ आलंय. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला आलेय मी. दिवस भरत आलेत, बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे."

पाटलीणबाई आधी बघत राहिल्या. मग अशा हसल्या की त्यांची कवळी हलली. "आगं बाई, मुराळी कदी बाईमानूस आस्तंय का?"

"तिला भाऊ नाही," तू म्हणालीस. "म्हणून मी आले."

हसणं थांबलं. मग म्हातारीने सुनेला हाक मारली, "तांदूळ आन गं. वटी भरल्याबगर कशी धाडू तिला?" आणि मला वाटतं त्या क्षणी मी तुझ्या प्रेमात नव्याने पडलो. हे तुला सांगायचं राहिलं. नवऱ्याने बायकोला असलं काही सांगायची आपल्याकडे रीत नाही, ही रीत मात्र कोणी केली कुणास ठाऊक, चुकीची आहे.

टोपलीत भाकरीचे तुकडे घालून ती दोरीने विहिरीत सोडली. पाणी वर आलेलं होतं. कासव आलं, टोपलीत चढलं, वर ओढलं. त्याच्या पाठीवर तांदूळ पडले, कुंकू लागलं, ते डोकं आत ओढून बसलं. लाजली म्हणाल्या बायका! मग आपण वस्तीवर गेलो. गयाबाई दारातच उभी होती, तिला बातमी आधीच पोचली होती.

"पाटलांकडून आणलं?"

"आणलं. हे बघ."

तिने हाऱ्यात वाकून पाहिलं. "आमाला बी वटी भरायचीय," ती म्हणाली. "आन तळ्यात पयली आमचीच उतरायची."

"मंजूर," तू म्हणालीस, आणि एक क्षणही विचार केला नाहीस.

"सगळी एकाच हाऱ्यात न्यायची का?" पाटलांच्या गल्लीतल्या कुणीतरी विचारलंच. "एकाच," तू म्हणालीस. "एका तळ्यातल्या बहिणी आहेत." कुणी कुरकुरलं, कुणी तोंड फिरवलं, पण आता घराघरातून ओट्या भरणं सुरू झालं होतं आणि मागे राहायची कोणाची तयारी नव्हती. ज्यांनी आदल्या दिवशी चहावर बोळवण केली त्यांनीच हाका मारून बोलावलं, "बाई, आमची राह्यली, आमची!" कुणी हलगी आणली. दिनूच्या डोक्यावर हारा, पुढे तू, मागे अख्खं गाव. तळ्याच्या काठावर तू पहिलं कासव गयाबाईच्या हातात दिलंस. तिने ते पाण्यात ठेवलं. पाटलीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नीट जा गं बाई." कोणाला म्हणाल्या देव जाणे. मी वर माझ्या अर्धवट रस्त्यावर उभा होतो, आणि माझे डोळे भरून आले होते. तू विचारलंस तेव्हा मी धूळ म्हणालो. श्रावणात कुठली धूळ? पण तू सोडून दिलंस.

त्यानंतरचा सगळा काळ म्हणजे आपलं मोरीवरचं भांडण. कासवं अंडी घालायला तळ्यातून टेकाडाकडे जायची आणि मधे माझा रस्ता उभा राहिला होता. तू म्हणालीस, रस्त्याखालून मोरी ठेवा. पाण्याचा निचरा व्हायला तिथे मोरी बसतच होती. परभणीहून मोठे साहेब आले तेव्हा मी त्यांना निचऱ्याचं सांगितलं आणि तू कासवांचं सांगितलंस. साहेबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि होकार दिला. मोरी झाली. पण मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, कासव त्या अंधाऱ्या भोकात शिरणार नाही, ते वरूनच जाईल. "जाईल," तू म्हणालीस. "नाही जाणार," मी म्हणालो. दर आश्विनात आपण चिवड्याचा डबा घेऊन मोरीच्या कठड्यावर बसायचो, वाकून वाकून मोरीच्या तोंडाकडे पाहायचो. एकही गेलं नाही.

"आपण बघतो ना, म्हणून जात नाहीत," तू म्हणायचीस.

आता तू नाहीस म्हणून सांगतो. एकदा तू शाळेत असताना मी त्या मोरीतून स्वतः गेलो होतो. रांगत! पलीकडचा उजेड कासवाच्या उंचीवरून दिसतो की नाही ते बघायला. मधोमध अडकलो, शर्ट फाटला, आणि पलीकडच्या तोंडाशी एक म्हैस माझ्याकडे बघत उभी. शर्ट खिळ्याला फाटला असं मी तुला सांगितलं होतं. उजेड दिसतो, सुमन. चांगला दिसतो. पण ते तुला सांगितलं असतं तर माझी बाजू पडली असती, म्हणून मी गप्प बसलो.

पण तुझी खरी काळजी वेगळी होती. तळ्यात कासवं दिसायची, उन्हाला लाकडावर बसायची, तू खुश व्हायचीस आणि मग तुझा चेहरा उतरायचा. "ही जुनीच आहेत हो. तीच. नवं एकही नाही." दरवर्षी तेच. रस्त्याने टेकाड तोडलं, विहिरीतून काढून त्यांना आपण नुसत्या मोठ्या विहिरीत टाकलं, असं तुला वाटायला लागलं होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "एखादं तरी मोरीतून गेलं असेल, असं म्हणा ना." मी म्हणालो, "डोळ्याने पाहिल्याशिवाय मी माप लिहीत नाही, तुला माहीत आहे." तू हसलीस, हातावर चापटी मारलीस. "ओव्हरसीयर कुठले," म्हणालीस. खोटं बोललो असतो तर तू ओळखलं असतंस आणि मग तुला खरंच वाईट वाटलं असतं. आपल्यात कधी तसली गुळमुळीत भाषा नव्हती.

आता काल काय झालं ते ऐक.

आषाढाची झड लागली आहे. मी परत कामावर जायला लागलो. घरी बसून काय करू? कान्हेवाडीच्या तळ्याजवळ भरावाच्या उताराला ओघळी पडल्या आहेत असं कळलं, म्हणून दुपारी गँग घेऊन गेलो. गयाबाई आता आमच्याच गँगवर आहे, तुला माहीत आहे, कमरेवर हात अजून तसाच. ओघळीत मुरूम टाकून ठोकायचा, एवढंच काम. ती पाटी घेऊन उतारावर उतरली आणि तिथेच थांबली. पाटी तशीच डोक्यावर.

"सायेब," ती म्हणाली, "हितं माती हलायलीय."

मी खाली उतरलो. उतरलो म्हणजे घसरलो. तळ्याकडच्या उताराची माती पावसाने सुटली होती आणि तिच्यातून, सुमन, माझ्या भरावातून, मी स्वतः उभं राहून दाबून घेतलेल्या त्या मुरमातून, बंद्या रुपयाएवढी कासवं बाहेर पडत होती! एक नाही, दोन नाही. इथून एक नाक, तिथून एक पाय. बाहेर पडायची, धडपडायची, उलटी व्हायची, सुलटी व्हायची आणि सरळ खाली पाण्याकडे. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

ती टेकाडाकडे कधी गेलीच नव्हती गं! ना वरून, ना मोरीतून. त्यांना रस्त्यापलीकडे जायची गरजच पडली नाही. तळ्याला लागून मातीचा नवा उंच काठ झाला, ऊन लागणारा, भुसभुशीत, पाणी न साचणारा, आणि त्यांनी तोच घेतला. तू हरलीस आणि मीही हरलो. आपण दोघं कठड्यावर बसून मोरीत डोकावत होतो, आणि त्या आपल्या पाठीमागे निवांत घर करत होत्या.

मी तिथल्या तिथे काम थांबवलं. ओघळी पोळ्यापर्यंत बुजवायच्या नाहीत, या उतारावर फावडं लावायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मुकादम म्हणाला, वर काय सांगायचं? म्हटलं, मी सांगतो. निवृत्त व्हायला आलेल्या माणसाला कोण काय करणार? आणि मग मला काही सुचेना. मी चिखलात बसलो होतो. एक पिल्लू माझ्या बुटावरून चढून गेलं. मी मागे वळलो आणि ओरडलो, "अगं, बघ! बघ, बघ!"

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. म्हातारा कामातून गेला, असं त्यांना वाटलं असणार. मुकादमाने मला उठवायला हात पुढे केला.

गयाबाईने पाटी खाली ठेवली. "कुनाला हाका मारायलाव सायेब?"

"बायकोला," मी म्हणालो.

तिने तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग मोठ्यानं मारा की," ती म्हणाली.